मिठात मुरवलेली डिस्क

पोयनाडच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर एक खोली आहे. जिना इतका अरुंद की मोठा मॉनिटर घेऊन चढणाऱ्याला आडवं होऊनच यावं लागतं. दारावर पाटी आहे: ‘जुन्या कॉम्प्युटरमधली खाजगी माहिती कायमची नष्ट करून मिळेल.’ पाटी लागली त्या महिन्यात येणारेजाणारे मान वर करून ती वाचत आणि म्हणत, माहिती नष्ट करायला माणूस कशाला लागतो, आमच्याकडे तर आपोआप होते. हेमाली म्हात्रे खिडकीत बसून हे ऐकायची आणि मनात म्हणायची, हसा लेको, उद्या इथेच येणार आहात.

आणि आलेच सगळे. दवाखान्याचे डॉक्टर आले, पतपेढीचे मॅनेजर आले, दोन वकील आले, शाळेचे हेडमास्तर तर सात कॉम्प्युटर टेम्पोत घालून आले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: “सगळं डिलीट केलंय हो, तुम्ही फक्त तेवढा कागद द्या.” कागद म्हणजे हेमालीच्या सहीचा दाखला. अमुक नंबरची डिस्क अमुक तारखेला पुसली, तपासली, आता तिच्यात काही उरलेलं नाही. हा दाखला ती डिस्क हातात घेतल्याशिवाय देत नाही. गिऱ्हाइकाची ती ‘रिकामी’ डिस्क ती आपल्या मशीनला जोडते, पाच मिनिटांनी फक्त आकडा सांगते. “डॉक्टर, एकोणीस हजार फायली अजून आत हायत.” डॉक्टरांचा चेहरा पडतो. मग ती त्यांना समजावून सांगते की डिलीट केलं म्हणजे घरावरची नावाची पाटी तेवढी काढली, माणसं आत तशीच बसलेली आहेत. ती बाहेर काढायची तर डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्य लिहीत जावं लागतं, एकही जागा न सोडता, आणि नंतर खरोखर लिहिलं गेलं का ते पुन्हा वाचून बघावं लागतं.

हे काम ती बेलापूरच्या एका कंपनीत शिकली. सात वर्षं तिने बँकांचे आणि हॉस्पिटलांचे जुने कॉम्प्युटर पुसले. मग वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परत आली. वडील गेले, ती राहिली. आता एकोणचाळिशीची आहे, लग्न केलेलं नाही, आई आणि ती अशा दोघीच घरात. तिला एकटं एकटं वाटत असेल अशी नातेवाइकांना फार काळजी. तिला स्वतःला ती काळजी करायला वेळ नाही. सकाळी घरच्या तळ्याला एक फेरी मारायची, आईच्या हातची तांदळाची भाकरी बांधून घ्यायची, दहाला जिना चढायचा, सहाला उतरायचा. काम आवडीचं, तालुक्यात नाव चांगलं, आणि कोणाचं मिंधेपण नाही. बाई सुखात होती, आणि ते ती कोणापासून लपवतही नव्हती.

तिच्या टेबलावर एक वस्तू आहे, ती दाखवल्याशिवाय तिची ओळख पुरी व्हायची नाही. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा. मॉनिटरच्या काचेच्या मापाचा, पण दोन बोटं आखूड कापलेला, वर दोन चिमटे. काम सुरू केलं की ती पुठ्ठा काचेवर लावते. खाली दोन बोटांची फट उरते, तिथे किती टक्के काम झालं तेवढंच दिसतं. वरच्या भागात कोणाचे फोटो, कोणाचे रिपोर्ट, कोणाची पत्रं सरकत जात असतील ती जावोत. बेलापूरला असं काही नव्हतं. तिथली पोरं मस्त चाळत बसायची, एखादा गमतीचा फोटो सापडला तर एकमेकांना बोलावून दाखवायची. हेमालीने तिथे पहिल्याच आठवड्यात कानाला खडा लावला. दुसऱ्याचं वाचायचं नाही. त्याला कारण होतं, आणि ते कंपनीतलं नव्हतं, गावातलं होतं.

ती पंचवीस वर्षांची असताना उरणकडच्या एका घरी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्याची तारीख निघाली, साडी आली. आणि आठ दिवस आधी मुलाकडून फोन आला: “आम्हाला कळलंय. मुलीला फिट येतात ते तुम्ही सांगितलं नाहीत.” फिट येत होत्या हे खरं, पण सातव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत. पुढे औषधही बंद झालं होतं. घराबाहेर ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती. भाविका. शाळेत एकाच बाकावर बसणारी, तळ्याकाठी दोघीच खेळताना हेमाली कोसळली की तिला कुशीवर वळवून हेमालीच्या आईला हाक मारणारी भाविका. हेमालीने आईला विचारलं, ती नाही म्हणाली; वडिलांना विचारलं, त्यांनी मान हलवली, मी कोणाला बोललो नाही म्हणाले. मग उरलं कोण? ती भाविकाच्या घरी गेली, दारातच उभी राहून नको नको ते बोलली. भाविका रडत म्हणाली, “मी न्हाय गो सांगितलं.” हेमालीने ऐकलं नाही. वर्षाने भाविका लग्न होऊन थळला गेली, त्या लग्नालाही हेमाली गेली नाही. चौदा वर्षं झाली. नवऱ्या मुलाचं तोंडही आता तिला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर ते लग्न मोडलं याचं तिला काडीचं दुःख नाही. भाविकाचं मात्र आहे. ते ती कोणाला सांगत नाही, एवढंच.

तर गेल्या फाल्गुनात एका सकाळी रामचंद्रनाना जिना चढून आले. वय चौऱ्याहत्तर, घरचं मिठागर, आणि बावीस वर्षं समाजाचं वधूवर मंडळ त्यांनी एकहाती चालवलेलं. धरमतर खाडीच्या दोन्ही काठांवर अशी घरं कमी, ज्यांचं एखादं लग्न नानांच्या हातून जुळलं नाही. आता लोक मोबाईलवरच स्थळं बघतात. मंडळाची खोली रिकामी करायची होती, कपाटं, खुर्च्या, कॉम्प्युटर सगळं भंगारात जाणार होतं. नानांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि देवापुढे नैवेद्य ठेवावा तसं टेबलावर ठेवलं. हेमालीने फडकं उलगडलं. हार्डडिस्कच होती, पण पांढरीफटक, पापुद्रे सुटलेली. टेबलभर मीठ सांडलं.

“ह्ये काय नाना?”

“मिठात घातलेली. खडे मीठ नि वरसून खारीचं पानी. आख्खा पावसाळा नि वर हिवाळा.” नानांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. “खारीचं पानी अडवतो त्या आमचे उघाडीच्या दाराचे खिळे दोन वर्षांत गायब होतात गो पोरी. मीठ लोखंडाला सोरत न्हाय. त्याच्यात आता काय बी उरलेलं न्हाय. कमिटीला तुझा कागद पाहिजे म्हनून आलो, न्हायतर कशाला येतो?”

मिठागरावर जन्म गेलेला माणूस दुसरं काय करणार? दुसऱ्या कोणी हातोडा घातला असता, कोणी जाळली असती. नानांनी पोरींची गुपितं लोणच्यासारखी बरणीत मुरत घातली. वर हा इलाज त्यांनी पतपेढीला, मच्छीमार सोसायटीला आणि दवाखान्याच्या कंपाउंडरलाही सांगून ठेवला होता. पतपेढीने तर मिठाचं पोतं आणलंसुद्धा होतं.

तिथे हेमालीचा नाइलाज झाला. नुसती नानांची डिस्क असती तर तिने सरळ ड्रिलने भोकं पाडून मोकळी केली असती. पण मिठाने काही होत नाही हे नानांना डोळ्यांनी दिसलं नाही, तर ते तीन संस्थांना बुडवणार होते. “ठेवून जा,” ती म्हणाली, “परवा या.”

नाना उतरले आणि तिने डिस्क हातात घेतली, तेव्हा तिला कळलं की आपल्या हातात काय आहे. या मंडळात तिचाही अर्ज होता. ते उरणचं स्थळ नानांनीच आणलेलं. तिच्या नावापुढे काय लिहिलंय, कोणी कधी काय कळवलं, कोणाचं नाव घेतलंय, ते सगळं या पांढऱ्या ढेकळात असू शकत होतं. चौदा वर्षं जे कुसळासारखं टोचत होतं त्याचं उत्तर तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं. वाचलं तर कळणार. पुसलं तर कायमचं गेलं. आणि वाचलं तर उद्या डॉक्टरांची डिस्क कोणत्या तोंडाने हातात घ्यायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ब्रशने मीठ झाडलं. डिस्कच्या पाठीवरची हिरवी पट्टी, जिच्यावर सगळे बारीक भाग असतात, ती मिठाने साफ खाऊन टाकली होती. तेवढ्यापुरते नाना बरोबर होते. पण आतल्या तबकड्या बंद डब्यात असतात, आणि तो डबा लोखंडाचा नसतो. तिच्या खणात त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची एक मेलेली डिस्क होती. तिची पट्टी काढून हिला लावली, जोडली. आधी काहीच झालं नाही. मग आतून बारीक घरघर आली आणि तबकड्या फिरायला लागल्या.

पुठ्ठा काचेवर होता. त्याच्यामागे मंडळाची अख्खी यादी उघडलेली होती. दुपारचा एक, बाजार झोपलेला, जिन्यावर चिटपाखरू नाही. हेमालीचा हात वर गेला. तिने एक चिमटा काढला. पुठ्ठ्याचा एक कोपरा लोंबला आणि काचेचा निळसर उजेड तिच्या बोटांवर पडला.

तिने चिमटा परत लावला. मोबाईल उचलून तिने नानांना फोन केला. “नाना, आत्ताच्या आत्ता या. तुमची डिस्क जिती हाय.” मग खोलीला बाहेरून कडी घातली, खाली भांड्यांच्या दुकानात जाऊन बसली आणि मालकिणीने न विचारताच तिला पातेल्यांचे भाव सांगायला सुरुवात केली. नाना येईपर्यंत ती वर गेली नाही. स्वतःवर तिचा तेवढा भरवसा नव्हता, आणि हे तिने स्वतःशी कबूल केलं म्हणून मला ती बाई आवडते.

नाना रिक्षाने आले. हेमालीने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला, पुठ्ठा काढला आणि स्वतः मॉनिटरच्या मागे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. नानांनी चष्मा चढवला.

“अगो... ही तं तुळशीरामची पोर. आता आजी झाली ती.”

“मोठ्यानं वाचू नका, नाना.”

बराच वेळ माउसचा आवाज तेवढा येत होता. कोणाचे फोटो, कोणाच्या पत्रिका, कोणाचा घटस्फोट, कोणाला कोड, कोणाच्या भावाचं दारूचं, लोकांनी विश्वासाने सांगितलेलं सगळं धडधडीत जागेवर होतं. नानांचे ओठ हलत होते. “सगलीच्या सगली हायत गो,” ते हळू म्हणाले. “मी नऊ महिने निवांत झोपलो.”

“मिठानं वरची पट्टी खाल्ली, आतल्या मानसांना हात न्हाय लावला.”

नानांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिच्यादेखत पतपेढीला फोन लावला. “ते मिठाचं र्‍हाऊ द्या. घरी वापरा. कॉम्प्युटर हेमालीकडं धाडा.” असेच आणखी दोन फोन झाले. माणूस हट्टी, पण चूक कळल्यावर हट्ट धरून बसणारा नाही, निदान असल्या चुकीत नाही.

मग पुसणं सुरू झालं. पुठ्ठा परत काचेवर, खालच्या फटीत टक्के. जुनी डिस्क, दीड तास लागणार होता. हेमालीने भाकरी सोडली, अर्धी नानांना दिली, सोबत सुक्या जवळ्याची चटणी. नाना घास हातात धरून त्या आकड्याकडे बघत बसले. तीस टक्के, चाळीस टक्के. साठाच्या पुढे त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. हेमालीला ते दिसत होतं. आपला अर्ज शून्यांखाली गेला असेल का, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता, आणि गेला असेल तर बरं झालं असं ती स्वतःला बजावत होती. तिला बरं वाटत नव्हतं.

शंभर टक्के झाले. तिने पुन्हा वाचून तपासलं, पुठ्ठा काढून नानांना दाखवलं. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. मग डिस्क शिकंज्यात धरून ड्रिलने तीन भोकं पाडली, कारण ती विकायच्या लायकीची राहिली नव्हती. तबकडीचा चुरा कागदावर गोळा केला, टेबलाशी येऊन दाखला लिहायला घेतला.

“आता कायच उरलं न्हाय ना?” नानांनी विचारलं.

“कायच न्हाय.”

“मंग आता सांगतो,” नाना म्हणाले आणि खाली बघत राहिले. “तुझे बाबांनी मना तुझ्या फिटचं सांगितलेलं. खोटं नको बोलायला, नाना, तुमच्या कानावर असू द्या, म्हनाले. मी नोंद केली. शेऱ्याचा रकाना आमचा आतला होता, कोनाला दाखवायचा नसायचा. साखरपुड्याच्या आदी त्या उरणवाल्यांनी तुझा अर्ज मागितला, तो काढून दिला, तवा तो रकाना पन छापून गेला. मना संध्याकाळी कळलं. कागद परत मागायला गेलो तवर त्यांनी वाचलेलं.”

हेमालीने पेन दाखल्यावर आडवं ठेवलं.

“तुझे बाबा मना कायच बोलले न्हाईत. मीच सांगितलेलं, कोनाला दोष देऊ, म्हनाले. नि मी तोंड उघडलं असतं तं मंडळावर कोनी विश्वास ठेवला असता? म्हनून गप र्‍हायलो. पोरी, मी चुकलो.”

हेमाली रागावली की ओरडत नाही, एकदम सावकाश होते. तिने दाखला पुरा लिहिला. नंबर, तारीख, सही, शिक्का. कागद घडी करून नानांच्या हातात दिला.

“तुमच्या मंडळासाठी मी भाविकाला चौदा वर्षं चोर ठरवली, नाना.”

“भाविका कोन? तिचा काय संबंध?”

नानांना खरंच ठाऊक नव्हतं. हेमालीला त्यांचा राग आला, बाबांचा आला, आणि या दोघांपेक्षा स्वतःचा जास्त आला. बाबा खोटं बोलले होते, नाना गप्प राहिले होते. ती गप्प राहिली नव्हती, ती भाविकाच्या दारात उभी राहून बोलली होती. “माफीचं नंतर बघू,” ती म्हणाली. “आता जा तुमी. मना कुलूप लावायचंय.”

चार वाजता खोली बंद झाली, हे बाजारात सगळ्यांच्या लक्षात आलं. हेमालीने स्कूटर काढली आणि अलिबागवरून थळचा रस्ता धरला. कारखान्याची धुराडी दिसायला लागली तेव्हा तिला वाटलं, मागे फिरावं. काय म्हणायचं तेच ठरलेलं नव्हतं. घर विचारत विचारत ती पोचली. ओटीवर पांढऱ्या कांद्याचा ढीग होता आणि ढिगाशेजारी बसून भाविका कांद्याच्या माळा वळत होती. अंगाने भरली होती, केसांत पांढरं दिसत होतं. तिने मान वर केली, हेमालीला बघितलं आणि परत माळ वळायला लागली.

“तू न्हाय सांगितलंस,” हेमाली अंगणातूनच म्हणाली. “मंडळात अर्ज छापताना चुकून गेलं. रामचंद्रनानांनी आज सांगितलं.”

भाविकाने पात घट्ट ओढली. “म्हंजे मी सांगितलं तवा पटलं न्हाय. नाना बोलले नि पटलं.”

“व्हय,” हेमाली म्हणाली. “माझं चुकलं गो. लय चुकलं.”

भाविकाने एक माळ पुरी केली, खांबाच्या खिळ्याला अडकवली, दुसरीसाठी कांदे ओढले. हेमाली उन्हात उभीच. आत कुठेतरी कुकरची शिटी झाली, भाविका उठली, गॅस बंद करून परत आली, आणि बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून तिने पहिल्यांदा हेमालीकडे नीट बघितलं.

“आलीस ते बरं केलंस. माझा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडलाय. टायपिंगचा, तुला आठवत असल. सहा वर्षं बंद हाय. आमच्यांनी तीनदा भंगारवाल्याला आवाज दिला, मी तीनदा परत पाठवला. घरात भांडनं झाली त्याच्यावरून.”

“कशाला ठेवलास?”

“त्याच्यात तुझे फोटो हायत. साखरपुड्याची साडी नेसून बघितलीस आमच्या घरी, ते. तुझं लग्न मोडल्यावर ते कोनाच्या हाताला लागले असते तं? पुसायला तालुक्यात नाव तुझं, नि तुझ्याकडं मना येववत नव्हतं. मंग ठेवला तसाच.” भाविकाने पदराला हात पुसले. “तुझं काय बी माझ्याकडून कंदी बाहेर गेलं न्हाय, हेमा.”

चौदा वर्षं जिला हेमालीने फुटक्या तोंडाची ठरवलं होतं, ती तिची साडी नेसलेली छबी भंगारवाल्यापासून सांभाळत बसली होती, आणि त्यासाठी नवऱ्याशी भांडत होती. हेमालीला रडू आवरेना. भाविका ओटीवरून खाली उतरली, पण जवळ आली नाही, दोन पावलांवर थांबली. हेमालीने ओढणीने तोंड पुसलं, चपला अंगणातच काढल्या आणि विचारलं, “शिडी कुठं हाय?”